फोटो नको, अक्षरे पाठवा

“सर, वो बाई ‘फोटो’ बोलती और चुप बैठती.”

हे वाक्य मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ऐकवले. तो आता तिशीकडे झुकला आहे. शाळेत असतानाच त्याला कमी दिसायचे, आता जवळजवळ दिसतच नाही. पण फोन तो तुमच्या-माझ्यापेक्षा झपाट्याने वापरतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. पडद्यावर बोट फिरवले की तिथे जे लिहिलेले असेल ते फोन वाचून दाखवतो. मराठी वाचतो, उर्दूही वाचतो. ‘वो बाई’ म्हणजे त्या फोनमधला आवाज.

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. त्यावर दर आठवड्याला काही ना काही टाकतो. शिष्यवृत्तीची माहिती, भरतीची जाहिरात, एखादा शेर, कुणाच्या वालिदच्या इंतकालची खबर. उर्दू मजकूर असेल तर मी तो संगणकावर छान नस्तालीकमध्ये टाइप करायचो, त्याचे चित्र बनवायचो आणि चित्र टाकायचो. मराठी असेल तर परिपत्रकाचा किंवा पेपरच्या कात्रणाचा फोटो. हा मुलगा दोन वर्षे त्या ग्रुपवर होता आणि दोन वर्षांत त्याने माझे एकही अक्षर ऐकलेले नव्हते. दिव्यांगांसाठीच्या एका योजनेची शेवटची तारीखसुद्धा मी अशीच फोटोतून कळवली होती. ज्याच्यासाठी ती होती त्याला सोडून ती बाकी सगळ्यांना कळली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाची हौस बीएडच्या काळापासून आहे. ओळखीत कुणाचा प्रिंटर अडला, कुणाची विंडोज बसली, की अक्कलकोटात आधी फोन मला येतो. त्यामुळे माझ्या हातून झाले ते अज्ञानातून झाले असे म्हणायची सोय नाही. ती सवय होती. आणि ती माझी एकट्याची असती तर मी त्या मुलाची माफी मागून गप्प बसलो असतो, लेख लिहिला नसता.

माझे म्हणणे असे आहे की उर्दू आणि मराठी लिहिणारे आपण लोक गेली कित्येक वर्षे संगणकावर लिहीतच नाही आहोत. आपण अक्षरांची चित्रे काढतो. कागदावर छापायचे होते तोवर हे चालून गेले. कागदाला काय, चित्र आणि अक्षर सारखेच. पण आता आपले बहुतेक वाचणे-पाठवणे कागदावर होत नाही, आणि आपण मात्र चित्रे काढतच बसलो आहोत.

ज्यांना यातले तांत्रिक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संगणकाला ‘क’ कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. इंग्रजीचे क्रमांक 1960च्या दशकातच ठरले. आपल्या लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘इस्की’ हे मानक 1991 साली आले, आणि त्याच वर्षी साऱ्या जगाच्या लिप्या एका यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक 0915. उर्दूतल्या ‘टे’चा 0679, ‘डाल’चा 0688, ‘ड़े’चा 0691. हे क्रमांक अक्कलकोटात, कराचीत आणि लंडनमध्ये एकच आहेत. फॉन्ट कुठलाही असो, फोन कुणाचाही असो, 0915 म्हणजे ‘क’.

पण हे सगळे घराघरातल्या संगणकात पोचेपर्यंत छापखानेवाले थांबणार कसे? लग्नपत्रिका तर उद्या हव्या असतात. मग एक जुगाड निघाला. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. फाइलच्या पोटात असते इंग्रजी, वर मराठीचा मुखवटा. कृतिदेवचा मुखवटा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा, आकृतीचा वेगळा. ज्या फॉन्टमध्ये टाइप केले तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मुखवटा गळून पडतो आणि उरतात इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची खूण, टक्क्याची खूण. पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलेल्या प्रत्येक शिक्षकाने हे पाहिलेले आहे. दुकानदार म्हणतो, “सर, पीडीएफ करून आणा.” आपण पीडीएफ करतो आणि प्रश्न सुटला असे समजतो.

प्रश्न कसा सुटत नाही ते मला आमच्या उस्तादांमुळे कळले. वीसेक वर्षांपूर्वी काही मित्रांनी मिळून एक अंक काढला होता. अर्धा उर्दू, अर्धा मराठी. उस्तादांनी त्यात या भागातल्या दखनी बोलीवर लिहिले होते. आमच्याकडे बाजारात बोलली जाणारी भाषा, तिच्यात मिसळलेले कन्नड शब्द, मराठी प्रत्यय, बायकांच्या ओव्यांसारखी गाणी. अंक सोलापुरात छापला आणि त्याची सीडी मी जपून कपाटात ठेवली. उस्ताद गेल्यावर त्यांच्या मुलाने तो लेख मागितला. सीडी चालू झाली, हेच आश्चर्य. मराठी फाइल उघडली तर आत नुसत्या खुणा. उर्दू फाइल उघडलीच नाही, कारण ती ज्या प्रोग्रॅममध्ये केली तो माझ्याकडे नव्हता, आणि मिळवला तेव्हा त्याची आवृत्ती वेगळी निघाली. शेवटी अंकाची एक छापील प्रत सापडली, वाळवी लागलेली. लेखाची शेवटची दोन पाने नव्हती. ती आता कुठेच नाहीत.

यात दोष मी त्या डीटीपीवाल्या भाईला देत नाही. त्याने त्याचे काम चोख केले होते. सीडी कपाटात ठेवली की जतन झाले असे आम्हालाच वाटले होते.

उर्दूवाल्यांना बोल लावण्याआधी त्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मराठीपेक्षा अवघड आहे. नस्तालीक ही सरळ रेषेत चालणारी लिपी नाही. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरतो. शेजारी कोण आहे ते पाहून अक्षर रूप बदलते, नुक्ते जागा शोधत फिरतात. शिशाचे खिळे हे करू शकले नाहीत. म्हणून देवनागरी खिळ्यांवर गेली तरी उर्दू शिळाछापावर राहिली. लखनौचा मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना 1858 साली सुरू झाला आणि त्याने हजारो किताबी काढल्या, त्या कातिबांच्या हातच्या अक्षरांवर. वर्तमानपत्रेसुद्धा विसाव्या शतकात बराच काळ रोज रात्री कातिब हाताने लिहीत. चेन्नईचे ‘मुसलमान’ हे 1927चे दैनिक त्यासाठीच जगभर ओळखले जाते.

मग 1980-81च्या सुमारास पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक तयार केले. त्यांनी अक्षरे जोडण्याचा नाद सोडला आणि जोडलेले तुकडेच, सुमारे 20,000, हाताने लिहून यंत्रात भरले. 1994 साली दिल्लीहून इनपेज आले आणि हेच नस्तालीक साध्या संगणकावर टाइप करता येऊ लागले. माझ्या पिढीला आठवत असेल, पहिल्यांदा पडद्यावर अलिफ-बे उमटताना पाहून डोळे भरून आले होते. (कातिबांची रोजी गेली, तेही त्याच वेळी. त्यांच्याबद्दल कधी तरी वेगळे लिहायचे आहे.) इनपेज नसते तर उर्दूची छपाई संगणकाच्या काळात किती मागे पडली असती कोण जाणे. त्याचे उपकार मी मानतो.

पण उपकार मानणे वेगळे आणि तीस वर्षे त्याच ओट्यावर बसून राहणे वेगळे. इनपेजची जुनी फाइल इनपेजशिवाय सहजासहजी वाचता येत नाही. पुढच्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आली, तरी आमच्याकडे हातोहात फिरते ती जुनीच प्रत, कुणी कुणाकडून घेतली ते कुणालाच माहीत नसलेली. आणि मधल्या काळात जग कुठे गेले ते पाहा. 2012च्या विंडोज 8 मध्ये नस्तालीक फॉन्ट आयताच मिळू लागला. 2014 साली गुगलने नोटो नस्तालीक उर्दू फुकट दिला. 2017 पासून आयफोन उर्दू नस्तालीकमध्ये दाखवतो. जमील नूरी नस्तालीक तर त्याआधीपासून इंटरनेटवर आहे. ‘उर्दूला युनिकोडमध्ये नस्तालीक नाही’ हे वाक्य कधी काळी खरे होते. आज ते म्हणणारा माणूस वीस वर्षे झोपलेला आहे.

हे मी बैठकीत बोललो की तीन-चार उत्तरे ठरलेली येतात.

पहिले उत्तर शायर लोकांचे. “युनिकोडमध्ये ती नजाकत नाही.” जनाब, नजाकत कागदावर आणा ना, कोण अडवतो? मजकूर युनिकोडमध्ये लिहा, जपा, आणि मुशायऱ्याचे कार्ड काढायची वेळ आली की तोच मजकूर सजवा. जेवण आधी शिजवतात, मग दस्तरख्वानावर मांडतात. आपण मांडणीचा फोटो काढून ठेवला आणि हंडी फेकून दिली.

दुसरे उत्तर: “टेक्स्ट टाकले तर लोक चोरतात, आपले नाव काढून पुढे पाठवतात.” खरे आहे, चोरतात. पण फोटो चोरत नाहीत का? खालची नावाची ओळ कापायला फोनमध्ये दोन बोटे पुरतात. मी स्वतःचा एक शेर दुसऱ्याच्या नावाने, गुलाबाच्या फुलासकट, माझ्याच ग्रुपवर परत आलेला पाहिला आहे. उलट मजकूर शोधता येत असेल तर चोर पकडताही येतो. संजीव सराफ यांनी 2013 साली सुरू केलेल्या ‘रेख्ता’वर गझला उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत, शोधता येतील अशा पडल्या आहेत. त्यामुळे ग़ालिबच्या नावावर खपवलेले कुणाचेही शेर आता पाच मिनिटांत उघडे पडतात.

तिसरे उत्तर मात्र मला गप्प करणारे आहे. काही साध्या अँड्रॉइड फोनमध्ये उर्दू मजकूर पाठवला तर तो नस्तालीकमध्ये दिसत नाही, अरबीसारख्या नस्खमध्ये दिसतो. चौथीतले पोर ते वाचताना अडखळते, म्हातारी माणसे तर फोन बाजूला ठेवतात. यावर माझ्याकडे चटकन इलाज नाही. मी सध्या दोन्ही पाठवतो, आधी मजकूर, खाली चित्र. दुप्पट काम होते. पण चित्र एकटे पाठवत नाही.

चौथे उत्तर, “वेळ नाही.” यावर मी काही बोलत नाही. एका पानाचा फोटो काढायला दोन सेकंद लागतात आणि टाइप करायला वीस मिनिटे, हे कबूल. पण फोनला बोलून लिहिता येते. गुगलच्या कीबोर्डवर माइक दाबला की मराठी उतरते, उर्दूही उतरते, चुका सुधारल्या की झाले. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी आणि उर्दू जोडून घेतली की विंडोज आणि स्पेस या दोन कळांनी भाषा बदलते. पैसे लागत नाहीत, कुठलाही प्रोग्रॅम विकत घ्यावा लागत नाही.

आता कुणाला वाटेल की हा सगळा उर्दूचा रोग आहे, मराठीचे ठीक चालले आहे. तसे नाही. युनिकोड वापरा असे शासनाने सांगून वर्षे लोटली. तरी एका कार्यालयात मला “हे अमुक फॉन्टमध्येच आणा, नाहीतर घेणार नाही” असे सांगितले गेले, आणि तो फॉन्ट युनिकोडचा नव्हता. मराठीवाल्यांचे पुस्तक छापले जाते तेव्हा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये जातो, आणि दुसरी आवृत्ती काढायची तर सगळे पुन्हा टाइप करा. गावोगावच्या पतसंस्थांचे अहवाल, साहित्य मंडळांचे अंक, व्याख्यानमालांच्या पुस्तिका, सगळे पीडीएफ. पीडीएफमधून एक ओळ उचलून पाहा, काय येते ते.

आणि याची किंमत कोण मोजते? साहेब मोजत नाहीत. ती माझ्या एका विद्यार्थिनीच्या बापाने मोजली. एका योजनेसाठी मुलींची यादी तातडीने मागवली होती. मी हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो काढून पाठवून दिला. माझ्याकडे तीच यादी संगणकावर होती, पण फोटो सोपा. तिकडे कुणीतरी तो फोटो बघून पुन्हा टाइप केला आणि ‘सानिया’ची ‘सोनिया’ झाली. बँकेत सानिया, आधारवर सानिया, यादीत सोनिया. पैसे अडकले. बाप रोजंदारीवर जाणारा माणूस. तीन दिवस त्याने काम सोडून खेटे घातले, वर प्रतिज्ञापत्राचा खर्च वेगळा. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “सर, मेरे नसीब.” मी त्याला सांगितले नाही की नसीब नव्हते, माझा फोटो होता. इथे सांगतो आहे.

आपल्या नावांचे हाल आधीच काय कमी आहेत? शेख, शेक, शैख. आयेशा, आयशा, आएशा. एकाच घरात तीन भावंडांची आडनावे इंग्रजीत तीन प्रकारे. दर वेळी कुणीतरी नव्याने टाइप करतो आणि दर वेळी एक नवी चूक जन्माला घालतो. एकदा नीट लिहिलेले नाव उचलून पुढे चिकटवता येणे, ही गरिबाच्या दृष्टीने चैन नाही.

अक्कलकोटच्या लोकांनी तर यात पुढे असायला हवे होते. आमच्याकडचे पोर घरात दखनी बोलते, शाळेत मराठी शिकते, दुधनी-मैंदर्गीच्या बाजूला गेले की कन्नड ऐकते, आणि पलीकडे गुलबर्ग्यात त्याची मावशी राहते. तीन लिप्यांच्या पाट्या वाचतच ते मोठे होते. कन्नडवाल्या शिक्षक मित्रांशी बोललो तर त्यांचीही हीच रड. तिकडे ‘नुडी’च्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या फायली. पण एक गंमत सांगतो, जी मला फार उशिरा कळली. 1986 साली सरकारने ठरवलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड सर्व भारतीय लिप्यांना एकाच आखणीने बसवला आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. मराठीत ज्या कळेवर ‘क’ आहे त्याच कळेवर कन्नडचा ‘क’ आहे. मराठी इनस्क्रिप्ट शिकलेले पोर भाषा बदलून लगेच कन्नड टाइप करू शकते. मी हे दहावीच्या एका मुलीला करायला लावले. तिने कन्नड अक्षरे फक्त दुकानांच्या पाट्यांवर वाचलेली. दहा मिनिटांत तिने आपल्या आजीचे नाव लिहिले. उर्दूचा कीबोर्ड अर्थात वेगळा, लिपीचे कुळच वेगळे. तिथे उच्चारावर चालणारा फोनेटिक कीबोर्ड घ्यावा, आठवड्यात हात बसतो.

मशीन जुने आहे ही सबब मी ऐकून घेत नाही. होय, विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागते, जे जुन्या मशीनमध्ये नसते. म्हणून काय संगणक भंगारात द्यायचा? माझ्याकडचे 2014चे मशीन, चार जीबी रॅम. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, लिनक्स मिंट चढवले, लिब्रेऑफिस त्यात आयतेच आले. उर्दू उजवीकडून डावीकडे, नस्तालीकमध्ये, मराठी बाजूच्या रकान्यात. प्रश्नपत्रिका मी यावरच काढतो. यूट्यूबवर नवा लॅपटॉप घ्या म्हणणाऱ्या पोरांनी कधी उर्दूची एक प्रश्नपत्रिका काढून दाखवावी.

युनिकोडमध्ये लिहायला लागलात की एक खड्डा मात्र लागेल, तो आधीच सांगून ठेवतो, कारण मी त्यात वर्षभर पडून होतो. उर्दूऐवजी अरबी कीबोर्ड जोडला तर ‘काफ’ दिसायला जवळपास तसाच येतो, पण त्याचा क्रमांक 0643 असतो. उर्दूच्या काफचा 06ए9. ‘ये’चे तसेच, ‘हे’चे तसेच. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. मग ‘किताब’ शोधली की निम्म्या किताबी सापडत नाहीत. मराठीतही हे आहे. ‘ॲ’ एका क्रमांकानेही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, दोन्ही दिसतात सारखे. तेव्हा कीबोर्ड निवडताना ‘उर्दू’ लिहिलेलाच निवडा. अरबी आहे, चालतंय की, असे म्हणू नका.

आता मोठी गोष्ट. 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्या सोलापुरात भरले. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांनी आयुष्यभर मराठीतून लिहिले, बोलले, वाद घातले. मराठी मुसलमान म्हणजे कोण, तो कुठल्या भाषेत स्वप्न पाहतो, हे त्या पिढीने कागदावर मांडले. त्या संमेलनांच्या स्मरणिका, अध्यक्षीय भाषणे, गावोगावच्या छोट्या अंकांतल्या कविता किती जणांच्या घरात आहेत? असतील तर एखाद्या ट्रंकेत. आज एखादी मुलगी फोनवर ‘मराठी मुस्लिम स्त्री’ असे शोधते तेव्हा तिला काय सापडते? कुणीतरी आपल्याबद्दल लिहिलेले सापडते. आपण लिहिलेले फारसे सापडत नाही. लिहिले नाही म्हणून नव्हे. लिहिले, छापले, आणि त्याचे चित्र करून ठेवले म्हणून. हल्ली जो तो एआयबद्दल बोलतो. ते यंत्रही मुख्यतः टाइप केलेल्या अक्षरांवरच शिकते. चित्रातून अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅम आहेत, देवनागरीत बरे चालतात, पण नस्तालीकच्या उतारावर अजून घसरतात. जे आपण अक्षरांत ठेवले नाही ते यंत्राच्या लेखी नाहीच. मग ते आपल्याबद्दल दुसऱ्यांचे ऐकून बोलेल, आणि आपण पुन्हा लेख लिहू की आपली प्रतिमा चुकीची रंगवली जाते. तो लेखही बहुधा फोटोत पाठवू.

संस्था येतील, अनुदान मिळेल, प्रकल्प होईल, याची मी वाट पाहणार नाही. उस्तादांच्या लेखाची जी पाने वाचली ती मी रात्री थोडी थोडी टाइप करतो आहे. दखनीसाठी काही ठिकाणी मला दोन्ही लिप्या वापराव्या लागतात. सात पाने झाली, चार राहिली. तुमच्या घरात असे काही असेल, आजोबांची वही, जुना अंक, मशिदीच्या किंवा वाचनालयाच्या स्थापनेचा मजकूर, तर एक पान टाइप करून बघा. फोटोही काढून ठेवा, फोटोला माझा विरोध नाही. फोटो हा पुरावा आहे. पण वाचायला अक्षरे लागतात.

ग्रुपवर मी आता फोटोबरोबर मजकूर टाकतो. पहिल्यांदा टाकला तो शिष्यवृत्तीचा होता, उर्दूत, आठ-दहा ओळींचा. पाच मिनिटांत त्या मुलाचा आवाजी निरोप आला. मला वाटले शुक्रिया म्हणेल.

“सर, तिसरी लाइन में आपने ‘तालीम’ गलत लिक्खे. बाई कुछ और ही बोल री.”

मी पाहिले. एक नुक्ता चुकला होता. दोन वर्षांच्या फोटोंत अशा किती चुका गेल्या असतील, त्या कुणी सांगितल्याच नव्हत्या.